वेग शेवटच्या सायकलचा

पहाटे 4.20

या आठवड्यात माझी पाळी दुपारी 2 ते रात्री 10, त्यामुळे पहाट मोकळी. रात्री यार्डातून येऊन पाठ टेकायला साडेअकरा वाजतात, तेव्हा ही पहाट तशी फुकट मिळत नाही. दुपारच्या जेवणाआधी तासभर झोपून ती भरून काढावी लागते. अर्धा कप चहा, एक केळं, खिशात गूळ-शेंगदाण्यांची पुडी. सायकल रात्रीच तपासून दाराशी उभी केलेली असते. झोपेच्या डोळ्यांनी तपासलेल्या ब्रेकवर माझा विश्वास नाही.

भिलाई म्हटलं की बाहेरच्यांना पोलाद कारखाना आठवतो. पण कारखान्याच्या पूर्वेला, रायपूरच्या बाजूला असलेलं चरोदा मालगाड्यांवर वाढलं. भिलाई मार्शलिंग यार्डाला इथे सगळे बीएमवाय म्हणतात. वडील गोंदियाहून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले, मी रेल्वेच्याच कॅरेज-वॅगन विभागात लागलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी नाहीतर छत्तीसगढी, आणि सायकलच्या ग्रुपमध्ये त्यात तेलुगू-मल्याळीची भर. म्हणून रस्त्यावरच्या आमच्या हाका हिंदीत असतात.

5.00

कॉलनीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाखाली नऊ जण. नोव्हेंबरात सूर्य सहानंतर उगवतो, म्हणजे पहिला तास पुरता अंधार.

इथे मी सायकली बघतो, माणसं नंतर. टायरमध्ये हवा, दोन्ही ब्रेक, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकाच सैल. हँडलच्या दोन्ही टोकांना बूच हवंच. ते पडलेलं असलं तर उघडी नळी पडताना पोटात किंवा मांडीत घुसते. दहा-वीस रुपयांच्या बुचासाठी कोणाला परत पाठवलं की लोकांना मी खडूस वाटतो. वाटू दे. मागचा लाल दिवा लुकलुकता नको, स्थिर हवा. एकट्याने जाताना लुकलुकणारा दिवा चांगला, पण ग्रुपमध्ये तो मागच्याच्या डोळ्यांत तासभर टोचत राहतो आणि त्याला अंतराचा अंदाज येत नाही. हँडलवर कोपरं टेकून चालवायच्या दांड्या कोणी लावून आला असेल तर त्या दांड्यांवर ग्रुपमध्ये हात ठेवायचा नाही, कारण तिथून ब्रेकपर्यंत हात पोचेतो उशीर होतो.

आजच्या नऊत तीन नवे. एक बँकेतले साहेब, अमरावतीहून नुकतीच बदली झालेली. मांड्या जिममध्ये कमावलेल्या, सायकल कार्बनची, माझ्या चार-पाच महिन्यांच्या पगाराची. दुसऱ्या एक शिक्षिका, मूळच्या गोंदियाकडच्या, त्यांना आम्ही ताई म्हणतो. साधी हायब्रिड चालवतात. तिसरी कॉलनीतल्या तेलुगू कुटुंबातली कॉलेजची मुलगी, भावाची गिअरची सायकल घेऊन येते. बाकीचे जुने. त्यात सगळ्यांत जुने म्हणजे ब्लास्ट फर्नेसमधून निवृत्त झालेले मल्याळी गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना नुसतं अंकल म्हणतो.

अंकल नेहमी शेवटी. त्या जागेला आमच्यात 'गार्ड' म्हणतात. रेल्वेने 2022 मध्ये गार्डाचा ट्रेन मॅनेजर केला, आम्ही नाही केला. पंप, दोन ट्यूब, पट्ट्या-मलम, फोन, सगळं त्यांच्याकडे. ग्रुपमधला सगळ्यांत जाणता माणूस पुढे असावा असं बहुतेकांना वाटतं. माझं मत उलटं आहे: जाणता माणूस शेवटी, आणि पुढे असा माणूस ज्याला वेग वाढवायचा मोह होत नाही. दुसऱ्या प्रकारचे लोक जास्त दुर्मीळ.

5.10

निघायच्या आधी दोन मिनिटं बोलतो. जी. ई. रोडवर एकेरी रांग, तिथे जागा बदलायच्या नाहीत. टाउनशिपमध्ये दोन-दोन. पुढून आलेली हाक मागे पोचवायची, गिळायची नाही. अचानक ब्रेक नाही. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने ओलांडू द्यायचं नाही.

या शेवटच्या नियमाचं कारण सांगितल्याशिवाय तो कोणी पाळत नाही. दोन चाकं एकमेकांना घासली तर पुढचा बहुधा वाचतो आणि मागचा पडतो. सायकलवर तोल आपण पुढचं चाक बारीक-बारीक वळवून सांभाळतो. ते चाक पुढच्याच्या चाकाला टेकलं की वळवता येत नाही आणि माणूस क्षणात आडवा होतो. आणि तो आडवा झाला की त्याच्या मागचे त्याच्यावर.

मग नव्यांच्या जागा. नवा माणूस आपण होऊन मागे मागे सरकतो. संकोच असतो, कोणाच्या मध्ये यायला नको म्हणून. त्याला तिथे राहू देणं ही आपल्याकडच्या ग्रुपांतली सगळ्यांत मोठी चूक आहे. नव्याला दुसऱ्या, फार तर तिसऱ्या क्रमांकावर ठेवायचं. आज नवे तीन, म्हणून ताई दुसऱ्या, मुलगी चौथी, मध्ये एक जुना. साहेबांना मी पाचवं ठेवलं. त्यांना ते आवडलं नसावं.

5.15

जी. ई. रोड म्हणजे मुंबई-कोलकाता महामार्ग, पूर्वीचा 6 क्रमांकाचा, आता 53. पहाटे इथे ट्रकांचंच राज्य. डाव्या पांढऱ्या रेषेच्या आत आम्ही एका रांगेत.

"पीछे से गाडी" ही हाक मागून पुढे जाते, "गड्ढा" पुढून मागे येते. हात खाली करून बोटाने खड्डा दाखवायचा, पण ज्याचा एका हातावर तोल टिकत नाही त्याने नुसतं ओरडावं. हात सोडून झोकांडी खाण्यापेक्षा बरं. आणि प्रत्येक बारीक खळगा दाखवायचा नाही. एका जुन्या गड्याला कागदाचा कपटासुद्धा दाखवायची सवय होती. दहा मिनिटांनी त्याच्या हाताकडे कोणी बघेनासं झालं. चाक ज्यात अडकेल, ज्यावरून घसरेल, तेवढंच दाखवायचं. आणि गायी. छत्तीसगढच्या रस्त्यांवर रात्रीच्या गायी ही गंमत नाही; कोरड्या उबदार डांबरावर त्या ठाण मांडून बसतात आणि अंधारात काळ्या गायीचं आधी काहीच दिसत नाही.

ताईंची नजर पुढच्याच्या मागच्या टायरवर खिळलेली. नव्या माणसाला वाटतं, तिथे बघितलं तर अंतर कळेल. प्रत्यक्षात टायरकडे बघणाऱ्याला ब्रेक लागल्यावर कळतं, आणि खांद्यावरून पलीकडे बघणाऱ्याला आधी. मी मागून एवढंच म्हणालो, "ताई, त्याच्या पाठीवरून पुढे रस्ता बघा जी. टायर आपोआप दिसते."

"अंतर किती ठेवू?"

"आज एक सायकलभर. कमी करायची घाई नाही."

5.35

वाटेत उड्डाणपूल आला. आमचा मुलूख सपाट. धानाची खाचरं, तळी, आणि पुन्हा खाचरं. चढ म्हणजे हे महामार्गावरचे पूलच. म्हणून ग्रुप फुटतो तोही इथेच.

चढ लागला तसे साहेब रांगेतून बाहेर निघाले, पेडलवर उभे राहिले आणि सगळ्यांना मागे टाकून वर. उभं राहणंही साधं नाही. माणूस खुर्चीवरून उठतो त्या क्षणी त्याची सायकल वीतभर मागे येते, आणि मागच्याला ते ठाऊक नसतं. एक गिअर जड करून, पेडलवर दाब असतानाच उठायचं, म्हणजे ती मागे येत नाही. साहेबांच्या मागे जुना गडी होता, त्याने अंतर राखलं होतं, म्हणून काही झालं नाही.

त्याहून मोठी गोष्ट पुलाच्या माथ्यावर होते. पुढचा माथ्यावर पोचतो, उतार सुरू होतो आणि तो आनंदाने वेग घेतो. त्या वेळी शेवटचा अजून चढावर असतो. पुढचा ताशी तीसने उतरतोय, मागचा बाराने चढतोय. रांग रबरासारखी ताणली जाते आणि मागच्याला खाली येऊन जीव काढून ती भरावी लागते. असे चार पूल झाले की मागचा संपला. तो कमजोर म्हणून संपला असं सगळे समजतात. खरं तर त्याला इतरांपेक्षा जास्त काम पडलेलं असतं. म्हणून आमच्यात नियम आहे: माथ्यावर पोचल्यावर पुढच्याने पाय फक्त फिरवत ठेवायचे, गार्डाची हाक ऐकू येईपर्यंत. अंकलचा "ऑल क्लिअर" आला की मग वेग.

साहेब पुलाखाली थांबले होते. मी काही बोललो नाही. रस्त्यावर, सगळ्यांसमोर, हमरीतुमरीच्या आवाजात दिलेला सल्ला माणूस लक्षात ठेवतो, पण सल्ला म्हणून नाही.

5.50

पॉवर हाऊसजवळ जी. ई. रोड सोडून रूळ ओलांडले की टाउनशिप. झाडं, रुंद रस्ते, सेक्टरांच्या रांगा. सोव्हिएत मदतीने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, आणि गावाचा दिनक्रमही कारखान्याच्या पाळ्यांना धरून बसला. सहाला ए शिफ्ट लागते, म्हणून या वेळी गेटाकडे जाणाऱ्यांची रीघ. आता मोटारसायकलीच जास्त, तरी काळ्या दांडीच्या सायकलीही आहेत. हँडलला डबा, कॅरिअरला हेल्मेट.

यांच्या बाजूने जाताना आमचा वेग कमी होतो, घंटी वाजवायची नाही, "भैया, दायें से" एवढं म्हणायचं आणि हातभर जागा सोडून पुढे जायचं. आमच्यातल्या काहींना अंगाला चिकटलेले कपडे घातले की रस्ता आपल्या मालकीचा वाटायला लागतो. कामावर निघालेल्या माणसाचा त्या रस्त्यावर आपल्यापेक्षा जास्त हक्क आहे.

अंकल नोकरीत होते तेव्हा पाळी सुटली की गेटातून सायकलींचा लोंढा निघायचा. "किसीने रूल नहीं सिखाया," ते सांगतात, "पर अचानक ब्रेक कोई नहीं मारता था. पीछे पचास आदमी है, मालूम था."

6.10

मरोद्याच्या पुढे उतईचा रस्ता लागला की उजाडतं. आज धुकं पातळ होतं. दोन्हीकडे धान कापणीला आलेलं, काही कापून पडलेलं. इथे दोन-दोनची रांग आणि जागा बदलायचा सराव.

सपाटीवर ताशी 25 ने चालवताना आपली निम्म्याहून जास्त ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. पुढच्याच्या मागे नीट राहिलं तर साधारण चौथा ते तिसरा हिस्सा श्रम वाचतात. म्हणजे ज्या वेगाने ताई एकट्याने वीस मिनिटंही टिकणार नाहीत, त्या वेगाने ग्रुपमध्ये त्या तासभर जाऊ शकतात. नव्या माणसाला पहिल्यांदा हे अंगावर जाणवतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. सगळी शिस्त शेवटी एवढ्यासाठी आहे.

पुढे यायची पाळी आली की नवा माणूस हमखास वेग वाढवतो. आपली लाज राहावी म्हणून. मागचे त्याच्यामागे धापा टाकत येतात आणि दोन मिनिटांत तोही संपतो. मी मुलीला सांगितलं, मीटरवर 23 दिसतंय, पुढे गेल्यावरही 23 च दिसलं पाहिजे. पन्नास पेडल मोज आणि बाजूला हो. तिने पन्नास मोजले, मागे वळून बघितलं, कोपर हलवलं, उजवीकडे सरकली, पाय हलके केले. नीट झालं. बाजूला झाल्यावर मागे मागे येताना शेवटच्याच्या आधीच परत जोर लावायचा असतो, नाहीतर रांग निघून जाते. तेवढं तिचं चुकलं आणि अंकलने तिच्या पुढे येऊन तिला परत जोडून घेतलं.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. दमलेल्याच्या पाठीवर हात ठेवून ढकलायची जुनी रीत आहे, उपयोगीही आहे. पण विचारल्याशिवाय कोणाच्या पाठीला हात लावायचा नाही, बाईच्या तर नाहीच. आणि बाई दिसली की गिअर शिकवायला धावणारे प्रत्येक ग्रुपमध्ये दोन-तीन असतात. आमच्याकडे नियम असा: शिकवायचं असेल तर आधी विचारायचं, आणि एका दिवशी एकाला एकच गोष्ट.

शिंकरणं-थुंकणं? रांगेच्या शेवटी जाऊन, मागे बघून, डावीकडे. याहून जास्त लिहीत नाही.

बरोबरीने चालताना साहेबांचं चाक शेजारच्यापेक्षा सतत अर्धं पुढे. शेजारचा बरोबरीला आला की हे आणखी अर्धं पुढे. असं करता करता जोडीचा वेग 23 वरून 28 वर जातो आणि दोघांपैकी एकालाही वाटत नाही की आपण वाढवला.

6.40

उतईला चहा. साहेब खुशीत होते. "दादा, एवढं हळू काहून? आपल्या नागपूरच्या अमित समर्थांनी एकट्यानं अमेरिका पार केली!"

केली, खरं आहे. डॉ. समर्थांनी 2017 मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्याच्या गटात पूर्ण केली, सुमारे 4,800 किलोमीटर. त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही. त्याआधी 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती दोघांच्या गटात पूर्ण केली होती. मी साहेबांना म्हणालो, त्या शर्यतीत दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवायला मुळात परवानगीच नाही. तो एकट्याचा खेळ. इथे आपण मागे राहण्याचाच खेळ खेळतोय. तुम्हाला एकट्याने 35 ने जायचं असेल तर उतईचा रस्ता मोकळा आहे, मी घड्याळ लावतो.

ते हसले. पण गेले नाहीत.

ताईंचं लक्ष दुसरीकडे होतं. त्यांना नागपूरची 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची ब्रेव्हे, करायची आहे. या ब्रेव्हे म्हणजे शर्यती नव्हेत. 200 ला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40, आणि वेळेत आलेला प्रत्येक जण सारखाच. चारही एका हंगामात केल्या की सुपर रँडोनर. 1891 साली सुरू झालेल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या वाटेवरची ही पहिली पायरी. ती आता दर चार वर्षांनी होते, 1,200 किलोमीटर, 90 तासांत. ताईंनी हिशेब केला: साडेतेरा तासांत 200 म्हणजे ताशी पंधराच्या आत, थांबे धरून.

"मग मला जमेल की जी."

"पायांनी जमेल. टपऱ्यांवर बसणं आवरलं तर." वेळ बहुतेकांची सायकलवर जात नाही, चहावर जाते.

6.55

परतीला मी साहेबांना म्हणालो, "आता अंकलच्या जागी तुम्ही. अंकल तुमच्या पुढे राहतील. कोणी मागे राहिलं तर तुम्ही सोबत थांबायचं."

पहिली दहा मिनिटं मजेत. मग धानाचे ट्रॅक्टर सुरू झाले. सोसायट्यांमध्ये धान खरेदीचे दिवस. ट्रॉल्या भरून रांगेने चाललेल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, वर पैऱ्याचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, भारे. रस्त्यावर दाणे सांडलेले. वळणावर ते वाळूपेक्षा वाईट. पुढचा "धीमे" म्हणून हात खाली करत होता, हलकेच मंदावत होता. तरी पुढे दोनाचा फरक पडला की शेवटी आठाचा पडत होता. साहेबांना ब्रेक लावावे लागत होते, लगेच पुन्हा जोर लावावा लागत होता. ब्रेक, जोर, ब्रेक, जोर. एकदा कुत्रं आडवं आलं तेव्हा सगळी रांग मागून दाबली गेली आणि साहेब जवळजवळ शेतात.

ब्रेक न लावता वेग कमी करायच्या दोन युक्त्या आहेत. एक, पाय चालूच ठेवायचे पण जोर काढून घ्यायचा. दुसरी, पाठ ताठ करून बसायचं, छातीवर वारा घ्यायचा. जुने लोक तासभर चालवून ब्रेकला दोन-चारदाच हात लावतात. अंकलनी साहेबांना हे सांगितलं की नाही, मला ऐकू आलं नाही. पण खुर्सीपारच्या आसपास साहेबांची पाठ मधूनमधून ताठ व्हायला लागली होती.

7.40

चरोदा. साहेब घामाघूम. "पुढे होतो तेव्हा एवढं दमलो नव्हतो," म्हणाले. मी म्हटलं, ताई आठवडाभर शेवटीच होत्या, त्यांच्या आधीच्या ग्रुपमध्ये. त्यांनी तो सोडला तेव्हा त्यांना वाटलं होतं की आपलं वय झालं.

साहेब बदलले असं म्हणणार नाही. जाताना त्यांनी विचारलं, रविवारी जरा फास्ट राइड आहे का. आहे. ती वेगळी ठेवावीच लागते. दमदार लोकांना कायम दाबून ठेवलं तर ते निघून जातात किंवा शिकाऊ ग्रुप खराब करतात. फक्त निघण्याआधी वेग सांगायचा, आणि 'आरामात जाऊ' म्हणून बोलावून 32 ने न्यायचं नाही.

9.45

पोहे, आंघोळ, बाजार. भाजीच्या पिशव्या हँडलला अडकवून येताना शाळेच्या मुली भेटतात. छत्तीसगढ सरकार सरस्वती सायकल योजनेत नववीत गेलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या आणि गरीब घरच्या मुलींना सायकल देतं. चार-चार जणी एका ओळीत, गप्पा चालू, एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर. वाहतुकीच्या दृष्टीने चुकीचंच. पण सायकल सरळ रेषेत कशी ठेवावी, शेजारणीच्या हँडलपासून वीतभर अंतर कसं राखावं, हे नव्यांनी यांच्याकडून शिकावं. कोणीतरी मागून "बाजू" म्हणालं की त्या न वळता, न दचकता, एकीमागे एक होतात.

11.00

ग्रुपमधल्या त्या मुलीचं कॉलेज दुपारचं. कॉलनीतल्या आतल्या रस्त्यावर अर्धा तास तिचा सराव.

खुर्ची आधी. टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यांत खाली नेलं की गुडघा सरळ व्हायला हवा. तिची खुर्ची भावाच्या मापाची, दोन बोटं खाली घेतली. मग गिअर. ती सगळ्यांत जड गिअरमध्ये मिनिटाला साठ फेरे मारते आणि गुडघे दुखतात म्हणते. हलका गिअर, ऐंशी ते नव्वद फेरे. सुरुवातीला खुर्चीवर उड्या बसतात, चार-आठ दिवसांत जातात.

आजचा खरा धडा मागे बघण्याचा. नवा माणूस मान उजवीकडे वळवतो आणि सायकलही उजवीकडे जाते, नेमकी ट्रकाच्या बाजूला. रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर चाक ठेवायचं, उजवा हात मांडीवर घ्यायचा, हनुवटी खांद्याला लावायची, मी मागे किती बोटं दाखवली ते सांगायचं. पहिल्यांदा पट्टी सुटून हातभर बाहेर. हळूहळू वीतभर. शेवटी तिने बोटं बरोबर सांगितली आणि पट्टीही धरून ठेवली, आणि लगेच विचारलं, "बॉटल निकालना कब?"

उद्या. एका दिवशी एक.

देवबलोद्याच्या जुन्या शिवमंदिराकडे जाणारा रस्ता, शिवरात्रीच्या जत्रेचे दिवस सोडले तर, सकाळी शांत असतो. बाटली काढायचा सराव तिथे करू.

दुपारी 2.00

तासभर झोपून यार्डात. माझं काम आलेल्या रेकची तपासणी: गाडी हळूहळू आत येताना बाजूला उभं राहून चाकं, स्प्रिंग, लोंबणारं काही, तापलेला अ‍ॅक्सल बघायचा, मग ब्रेक ब्लॉक, होज पाइप, कपलिंग. सगळं बरोबर असेल तर ब्रेक पॉवर सर्टिफिकेट, त्याशिवाय गाडी हलत नाही.

ग्रुपचं सगळं गणित मला इथे कळलं. कोळशाच्या रेकला 58 वॅगन. ब्रेक पाइपमध्ये इंजिनाकडे 5 किलो दाब. लोको पायलटने ब्रेक लावला की दाब पुढून उतरत मागे जातो. पुढच्या वॅगनचे ब्रेक आधी लागतात, मागच्या अजून धावत असतात. प्रत्येक कपलिंगमध्ये थोडी ढील. ती ढील एकेक करत मिटते आणि तिची बेरीज होऊन धक्का बसतो तो शेवटच्या डब्यात, गार्डाला. इंजिनात बसलेल्याला चहा सांडल्याचंही कळत नाही. चांगला लोको पायलट कोण, हे मी कधी लोको पायलटांना विचारत नाही. गार्डांना विचारतो.

संध्याकाळी 6.30

दोन रेकच्या मध्ये चहा. फोनवर साहेबांचा मेसेज: 'माथ्यावर पाय फिरवत ठेवायचे म्हणजे किती वेळ?' खाजगीत विचारलंय, ग्रुपवर नाही. हे चांगलं लक्षण. उत्तर पाठवलं: 'शेवटचा वर येईपर्यंत. मोजायचं नाही, ऐकायचं.'

ताईंनी वेगळंच विचारलंय: पुढच्याच्या मागे राहणं म्हणजे त्याच्या जिवावर जाणं नाही का? हा संकोच बऱ्याच जणांना असतो. त्यांना कळवलं की मागे कोणी असलं तर पुढच्यालाही हवेचा थोडा फायदाच होतो. आणि जमेल तेव्हा पन्नास पेडल पुढे येऊन जा, कमी जमले तर वीस. पुढे येणं सक्तीचं नाही. पुढे येऊन रांग मोडणं मात्र चालणार नाही.

रात्री 10.20

पाळी सुटली. घरी जाताना ग्रुपवर उद्याचा मेसेज टाकला. पुढे ताई, पहिल्या वळणापर्यंत. साहेब तिसरे. गार्ड अंकल. मार्ग तोच, वेग 22.

चरोदा, भिलाई-3 किंवा कुम्हारीकडून कोणी नवीन येणार असेल तर सायकल कोणतीही चालेल, गिअर नसले तरी. मागचा दिवा चार्ज केलेला आणि हँडलला बूच, एवढं बघून यावं. आम्ही 5.10 ला निघतो. उशीर झाला तर अंधारात महामार्गावर आमचा पाठलाग करू नये, दुसऱ्या दिवशी यावं.